साडेचारशे रुपये, मॉनिटरसकट

भंगारवाल्याने आमच्या कॉम्प्युटरचा भाव केला, साडेचारशे रुपये. मॉनिटरसकट. वर म्हणाला, "काका, हा डबा उचलायचे खरं तर मीच पैसे मागायला पाहिजेत. तुम्ही रोजचे म्हणून."

गोष्ट २०२५ च्या दिवाळीच्या साफसफाईतली. नगरला (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, आमच्या तोंडात अजून नगरच) सावेडीतल्या आमच्या घराला माळा नाही. त्यामुळे हव्या असलेल्या आणि नको असलेल्या वस्तू एकाच खोलीत नांदतात. त्या खोलीच्या कोपऱ्यात, टेबलावर, जुना टॉवेल पांघरून आमचा पेंटियम फोर बसलेला असतो. २००३ च्या दसऱ्याला पतसंस्थेचं कर्ज काढून घेतला, बत्तीस हजारांना. २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क, आणि ज्याच्यावर मांजर आरामात झोपू शकेल असा पाठीमागे फुगलेला मॉनिटर. पेढे वाटले होते तेव्हा. हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांनी वाटले असतील.

तर या पेंटियमवरून घरात खटला उभा राहिला. साक्षी पुढीलप्रमाणे.

चिरंजीव (पुण्याहून, व्हिडिओ कॉलवर) : "बाबा, विकून टाका. माझ्या फोनची रॅम त्याच्या बत्तीस पट आहे."

दाजी : "एक्स्चेंजमध्ये टाका. नव्यावर हजार रुपये सुटतात."

मामा : "गावच्या शाळेला देऊन टाक. पोरं शिकतील, पुण्य लागेल."

आमची ही : "अहो, ठेवा नाहीतर विका, पण माझं टेबल मोकळं करा."

आणि आरोपीचा वकील म्हणून मी. मी म्हणालो, विकणार नाही. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. आवाज चढला, चहा गार झाला, विषय तिथेच राहिला. म्हणून आता शांतपणे लिहितोय. मंडळी, तुम्ही सगळे हे वाचता हे मला माहीत आहे, तेव्हा एकेकाचा समाचार घेतो. आणि शेवटी माझाही घ्यायचा आहे, कारण या खटल्यात सगळ्यात खोटी साक्ष माझी निघाली.

आधी भावाचं बघू. साडेचारशे रुपये हा कॉम्प्युटरचा भाव नाही. तो आतल्या तांब्याचा, ॲल्युमिनियमचा आणि पत्र्याचा भाव आहे. आपल्या दारातून हातगाडी गेली की आपण हात झटकतो, पण हातगाडी कुठेतरी पोचते. दिल्लीच्या सीलमपूरला, मुरादाबादला वायरी जाळून तांबं काढतात, सर्किटं ॲसिडमध्ये बुडवून सोन्याचा कण शोधतात. हे काम करणारी माणसं तो धूर रोज छातीत घेतात. मॉनिटरच्या जाड काचेत शिसं असतं, ते फुटून मातीत जातं. ई-कचऱ्याचे नियम देशात २०११ मध्ये आले, २०१२ पासून लागू झाले, २०१६ मध्ये बदलले, आणि २०२२ चे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. असा माल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे गेला पाहिजे, असं कागद म्हणतो. दारात मात्र हातगाडीच येते. मी भंगारवाल्याला बोल लावत नाही, तो त्याच्या कष्टाचं खातो. बोल आपल्याला आहे. बत्तीस हजारांची वस्तू घेताना आपण चार दुकानं फिरलो. देताना ती कुठे जाणार, एवढा एक प्रश्न विचारायला आपल्याला वेळ नाही.

दाजी, आता तुमचं एक्स्चेंज. एक्स्चेंजमध्ये हार्ड डिस्क सकट जाते. त्या डिस्कवर काय आहे, सांगू? घरातल्या सगळ्यांच्या पॅन कार्डांचे स्कॅन. ताईच्या लग्नाच्या वेळचे मुलांचे बायोडेटे (त्यात तुमचाही आहे, फोटोसकट. मिशीवाला.) बँकेचे कागद. तुम्ही म्हणालात, डिलीट करून द्या. दाजी, हजेरीपटातून नाव खोडलं म्हणून पोरगं गावातून नाहीसं होत नाही. फाईल डिलीट केली की कॉम्प्युटर फक्त यादीतलं नाव काढतो. मजकूर त्याच जागी असतो, वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. झटपट फॉरमॅट केलं तरी तेच. फुकटात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने तो परत काढता येतो. देण्याआधी सगळी डिस्क एकदा शून्यांनी भरावी लागते, किंवा डिस्क काढून घरी ठेवावी लागते. हजार रुपयांच्या सुटीत हे कोण करतं? दुकानात तर कुणी विचारतही नाही.

मामा, तुमच्याबद्दल आदर आहे म्हणून जपून लिहितो. पण हे शाळेला देऊन टाकायचं जे आपण चालवलंय ना, ते दान नाही. आपल्या घरात जी वस्तू आपल्याला नको, जिचा पंखा घरघरतो, जिला सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात, ती आपण खेड्यातल्या पोरांच्या माथी मारतो आणि वर फोटो काढतो. जिथे ती बंद पडेल तिथे ती दुरुस्त करणारं कुणी नाही. मग ती निर्लेखनाची वाट बघत शाळेच्या कपाटात पडते आणि एक खोली अडवते. नाना स्वतः मास्तर होते. त्यांच्या शाळेत कुणी तुटकी बाकं दान दिली तर ते हात जोडून म्हणायचे, जळणाला घरीच ठेवा. शाळेला द्यायचंच असेल तर चालू, साफ केलेली, वर्षभर कुणीतरी बघणार असेल अशी वस्तू द्या. नाहीतर देऊ नका.

राहिले चिरंजीव. बाळा, तुझं अर्धं खरं आहे. पेंटियम म्हातारा झाला आहे. त्यावरचं विंडोज एक्सपी ८ एप्रिल २०१४ ला कंपनीने वाऱ्यावर सोडलं, म्हणून तेव्हापासून मी त्याला इंटरनेट लावलेलं नाही. पण 'जुनं झालं' हे कोण ठरवणार, याबाबत तुझं माझं भांडण आहे. तुझ्या बहिणीचा २०१६ चा लॅपटॉप बघ. टकाटक चालतो. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि अकरा नंबरच्या विंडोजला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७ च्या पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे ज्याचं एक बटणही खराब झालेलं नाही, त्याला कॅलेंडरने म्हातारा ठरवला. तूच म्हणालास, "तोही काढून टाका." मी त्यावर लिनक्स टाकलं. अर्धा दिवस गेला, पैसा लागला नाही. ती त्यावर अजून काम करते. चालणारा बैल खाटकाला द्यायचा नसतो, एवढं तर आपल्याला कळायला हवं. मोडलेलं आणि मोडीत काढलेलं, यात फरक आहे.

इथपर्यंत मी जिंकलो, असं मला वाटत होतं. आता खरं सांगतो.

या कॉम्प्युटरवर नानांची फाईल आहे. नाना म्हणजे माझे वडील. पाथर्डी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर हयात गेली. २००४ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्यांनी या मशीनवर आपल्या आठवणी टाईप करायला घेतल्या. कागदावर बारीक मराठी अक्षरं लिहून, ती कात्रीने कापून, त्यांनी कीबोर्डाच्या बटणांवर चिकटवली. वर पारदर्शक टेप. भारनियमनाचं वेळापत्रक त्यांनी भिंतीवर लावलं होतं आणि त्याप्रमाणे लिहायला बसायचे. यूपीएस कुई कुई करायला लागला की माझ्या लेकराला ओरडून सांगायचे, "सेव्ह कर रे, सेव्ह कर!" २००९ पर्यंत लिहीत होते. २१४ पानं झाली. २०११ मध्ये गेले.

आता गोम अशी की ती पानं जुन्या फॉन्टमध्ये आहेत. तुमच्यापैकी जुन्या लोकांना आठवेल. देवनागरी युनिकोडमध्ये पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून होती. एक्सपीमध्येही सोय होती, पण ती आपोआप चालू नसायची. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन खूण करायची आणि विंडोजची सीडी घालायची. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. छापखान्यात, कचेरीत, सगळीकडे जुने फॉन्ट, म्हणून आमच्याकडेही तेच. या फॉन्टांची गंमत म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी ते मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फक्त त्यांना मराठीचं सोंग दिलेलं असतं. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की सोंग उतरतं आणि डॉलर, टक्के, उलटी प्रश्नचिन्हं यांचा चिवडा दिसतो. मी काही वर्षांपूर्वी चिरंजीवांना ती फाईल पेन ड्राइव्हवर दिली होती. त्याचा फोन आला, "बाबा, फाईल करप्ट आहे."

"करप्ट नाही रे," मी म्हणालो, "मराठी आहे."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. पाहुण्यांना दोनदा सांगितलं मी ते.

तर या दिवाळीच्या भांडणात मी हेच हुकमाचं पान टाकलं. म्हणालो, हा कॉम्प्युटर विकला तर तुझ्या आजोबांचं लिहिलेलं कुठे वाचणार? ते फक्त इथेच दिसतं. त्या सॉफ्टवेअरला प्रिंटरच्या पोर्टात लावायचं कुलूप लागतं, तसलं पोर्ट नव्या लॅपटॉपला नसतं. सगळे गप्प झाले. मग चिरंजीव हळूच म्हणाला, "कुलूप टाईप करायला लागत असेल ना? वाचायला फॉन्ट पुरे. मग फॉन्टची फाईल पाठवा ना, बाबा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरंच नव्हतं. फॉन्टची फाईल कॉपी करायला एक मिनिट लागतं. पीडीएफ करायला पाच. युनिकोडमध्ये बदलून देणारी कन्व्हर्टरं कित्येक वर्षांपासून मिळतात. मी स्वतः २००६ पासून युनिकोडमध्ये लिहितोय! नाना असताना त्यांचा कीबोर्ड बदलायला नको म्हणून थांबलो, ते समजू शकतो. पण ते जाऊन चौदा वर्षं झाली. चौदा वर्षं मी दर दसऱ्याला त्या मशीनला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, वर टॉवेल घातला आणि समजलो की मी नानांचं लिहिलेलं जपतोय.

त्याच रात्री मशीन सुरू करायला गेलो. पहिल्यांदा नाही झालं. दुसऱ्यांदा पंखा फिरला आणि थांबला. तिसऱ्यांदा झालं. आतली नाण्याएवढी बॅटरी कधीच संपली आहे, त्यामुळे दर वेळी सुरू होताना त्याला वाटतं की आज १ जानेवारी २००२ आहे. म्हणजे अजून आम्ही त्याला विकतही घेतलेला नाही आणि नानांनी एक अक्षरही लिहिलेलं नाही. त्या पहिल्या दोन वेळांत मला जो घाम फुटला, तो मी विसरणार नाही. २१४ पानं, आणि एकच प्रत. बावीस वर्षांच्या डिस्कवर. चिरंजीवांना दिलेला तो पेन ड्राइव्ह? हरवला. कुणी विचारलंच नव्हतं त्याचं.

म्हणून आता माझ्याच पक्षाचा समाचार. 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्या आम्हा लोकांचा.

आमच्या नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ पासून. १९६५ च्या लढाईत हाती लागलेला पॅटन तिथे उभा आहे. पोरांना घेऊन गेलात की दिसेल, सगळं रंगवलेलं, पुसलेलं, हिरवळीवर मांडलेलं. ते टिकतं, कारण त्यामागे लष्कर आहे, रंग देणारी माणसं आहेत. आणि त्या रणगाड्याच्या आत कुणी अडकलेलं नाही! आमच्या घरी ना माणसं, ना रंग. आणि आत नाना अडकलेले. यंत्र जपण्याची हौस असेल तर जरूर करा, पण ती हौस आहे हे कबूल करा. तिला जतन म्हणू नका.

जतन काय असतं ते बघायचं तर आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला जावं. ज्ञानेश्वरी तिथे सांगितली गेली, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. सच्चिदानंद बाबांनी लिहून घेतली. ती मूळ पोथी आज नाही. कुणाच्याही लाल फडक्यात नाही. तरी ज्ञानेश्वरी आहे, कारण माणसांनी तिच्या नकला केल्या. नकलांत चुका शिरल्या, तेव्हा शके १५०६ मध्ये एकनाथ महाराज बसले आणि पाठ शुद्ध केला. आणि पुढच्यांना बजावून ठेवलं, की यात आपल्या पदरचं घालू नका. ज्याला टेकून माउलींनी सांगितलं असं मानतात तो पैसाचा खांब नेवाशाला आहे, आपण त्याला नमस्कारही करतो. पण खांब म्हणजे ज्ञानेश्वरी नव्हे. मी चौदा वर्षं खांबाला हार घातले आणि पोथी उंदरांवर सोडली.

(नानांच्या आठवणींची ज्ञानेश्वरीशी तुलना करतोय असं कुणी म्हणू नका. मास्तर माणूस होते, त्यांनीच कान धरला असता. तुलना नकलेच्या कामाची आहे.)

तर त्या रात्री पहिल्यांदा पीडीएफ केली. ती मेल केली ताईला, चिरंजीवांना, लेकीला. फॉन्टही पाठवला. सगळं अकरा मिनिटांत झालं. अकरा मिनिटं!

पण पीडीएफ वाचता येते, तीत धड शोधता येत नाही. म्हणून आता रोज रात्री जेवणानंतर पानं युनिकोडमध्ये बदलतोय. कन्व्हर्टर चुका करतो आणि त्या चुकांनाही शिस्त आहे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, कारण ती नंतर उच्चारतो. रफाराचं उलटं. म्हणून 'कर्ज' चं 'कजर्' होतं आणि 'सर्व' चं 'सवर्'. एकेक ओळ बघावी लागते. एका बाजूला पेंटियम, मूळ पान दाखवायला, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप. कन्व्हर्टरची चूक दुरुस्त करतो, नानांची करत नाही. ते 'परिक्षा' असं ऱ्हस्व टाईप करायचे. मास्तर असून. राहू दिलं.

आणि मंडळी, आत्ता मी ते पहिल्यांदा वाचतोय. जपत होतो, पण वाचलं नव्हतं! चाळलं होतं. एकाहत्तराव्या पानावर बहात्तरचा दुष्काळ आहे. सुकडी, तांबडी मिलो, ते सगळं आपण ऐकलेलंच आहे. पण नानांनी लिहिलंय की शाळा रिकामी पडली, पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला तलावाच्या कामावर गेली, तेव्हा ते हजेरीपट घेऊन कामावर गेले. खडीच्या ढिगाजवळ उभं राहून त्यांनी नावं घेतली. पोरं ढिगामागून 'हजर' म्हणाली. साहेबांनी नंतर विचारलं, शाळेबाहेर हजेरी कशी लावली? त्यावर नानांनी काय उत्तर दिलं ते लिहिलेलं नाही. पुढे एक ओळ आहे, यूपीएस वाजतो आहे, उद्या लिहीन. आणि दुसऱ्या दिवशी दुसराच विषय.

२००५ मध्ये ते पान लिहिलं तेव्हा मी शेजारच्या खोलीत होतो. नंतर सहा वर्षं ते होते. तेव्हा वाचलं असतं तर विचारता आलं असतं, साहेबांना काय म्हणालात म्हणून.

हे माझं नुकसान कुठल्या भंगारवाल्याने केलं नाही, कुठल्या कंपनीने केलं नाही. मी केलं, जपतोय जपतोय म्हणत.

तेव्हा निकाल असा. आज १३० पानं झालीत, ८४ राहिलीत. ती होईपर्यंत मशीन विकायचं नाही, द्यायचं नाही, टॉवेलाला हात लावायचा नाही. त्यानंतर एक दिवसही ठेवायचं नाही. तीन छापील प्रती निघतील, एक ताईकडे, एक पुण्याला, एक इथे. फाईल सगळ्यांकडे. हार्ड डिस्क मी काढून घेईन. बाकीचा सांगाडा आणि मॉनिटर नोंदणीकृत पुनर्वापरवाल्याकडे जाईल, मला स्वतःला गाडीभाडं पडलं तरी. साडेचारशे रुपये मिळणार नाहीत. चालेल.

ज्यांच्या घरी असा टॉवेल पांघरलेला डबा आहे, त्यांना एकच सांगणं. विकायचा की ठेवायचा, हा वाद नंतर घाला. आधी आत कोण आहे ते बघा. कुणाच्या तरी वडिलांची पत्रं, कुणाच्या आईच्या पाककृती, संस्थेचं जुनं इतिवृत्त, कुठल्यातरी मेलेल्या फॉन्टमध्ये पडून असेल. आज रात्री पीडीएफ करा. अकरा मिनिटं लागतात.

बाकी दाजी, टेबल शिमग्यापर्यंत मोकळं होईल, तोवर दम धरा. तुमचा बायोडेटा मी वेगळा काढून ठेवलाय, मिशीसकट, ताईला पाठवतो.

आणि कीबोर्ड मी देणार नाहीये. त्याला कुठलंच पोर्ट जुळत नाही, 'क' चं बटण अडकतं, उपयोग शून्य. पण त्यावर नानांनी कापून चिकटवलेली अक्षरं आहेत. ती जतन नव्हे, हौस आहे. कबूल केलंय ना?